चालून राहिली

माझ्या खात्यातून पाहिलं की ती बंद.
नावापुढे राखाडी ठिपका
आणि शेजारी सरळ अक्षरांत: बंद आहे.

पण पाणीपट्टीची बिलं निघून राहिली.
गोकुळपेठेची निघाली, जरीपटक्याची निघाली,
एकाही मीटरचा आकडा न चुकता.
एका लोखंडी पेटीत चार मशिनी,
एकीलाही हात लावता येत नाही,
त्यातल्या तीन माझ्या. तीन हिरव्या.
उरलेली मेमरी कोण खातं, यादी सांगत नाही.
चौकीदार बिसेन म्हणतो, मॅडम, भूत असन.
मी म्हणते, भुताची लॉगमध्ये नोंद झाली असती.

मे महिना. सिव्हिल लाईन्सचा रस्ता
दुपारी बारालाच ओसाड.
सर्व्हरच्या खोलीतला एसी
साहेबांच्या केबिनमध्ये गेला आहे,
आमच्याकडे कूलर, आणि वाळ्याच्या ताट्या
ज्यांच्यावर पाणी मारायचं सगळे विसरतात.

लांजेवार रिटायर होऊन तेरा महिने झाले.
याच खोलीत, याच पेटीवर
चार वर्षं आम्ही दोघं.
त्यांचं खातं वेगळं, माझं वेगळं,
मधे एक टेबल, टेबलावर त्यांची सुपारीची डबी.
एकदा मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर:
ठवकर मॅडम, तुमचं तर काहीच चालू दिसत नाही बा.
तेव्हा मी जे बोलले नाही
ते अजून बोलते, हेल्मेटच्या आत,
शंकरनगर चौकात सिग्नल लागला की.

पासवर्ड शेवटी सापडला
जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत:
कुठली तरी तारीख, आणि पुढे तुमसर.
मी माझ्यातून बाहेर पडले,
त्यांच्या नावानं आत शिरले,
घाईत दुसऱ्याच्या चपला घालून
अंगणात जावं तशी.

हिरवी.
चारशे सात दिवस, अकरा तास.

एवढं पाहून उठणारच होते.
मग नजर खाली गेली.
वैनगंगा, कन्हान, पेंच,
नावं मीच ठेवलेली,
तिन्ही राखाडी.
बंद आहे. बंद आहे. बंद आहे.
आणि पाठीमागे, त्याच मिनिटाला,
पेंच तक्रारींचा गोषवारा छापून राहिली होती,
प्रिंटरमधून कागद पडत होते,
हाताला गरम.

तर त्यांना हे दिसायचं.
चार वर्षं, रोज सकाळी दहाला.
खोटं बोलत नव्हता माणूस.
समोरचं वाचून दाखवत होता.

फोन लावला तुमसरला.
आधी नातीचा आवाज, मग कुकरची शिट्टी, मग ते.
भांडायला लावला होता की कशाला
ते ठरलेलं नव्हतं.
म्हटलं, तुमची चालून राहिली.
म्हणाले, मले वाटलं तुम्ही बंद केली असन.
म्हटलं, मला ती बंदच दिसते.
पलीकडे पंखा फिरत असावा,
तेवढंच ऐकू येत राहिलं.
मग म्हणाले, आन् तुमच्या?

तिन्ही, म्हटलं. पहिल्या दिवसापासून.

पुण्याहून आलेला तो ऑडिटर
आमच्या बोलण्याला हसला होता:
येऊन राहिले, जाऊन राहिले,
अहो, कोण कुठे राहिलं?
त्याला काय सांगायचं.
त्याच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते,
चालू आणि बंद.

संध्याकाळी पेटीवर एक चिठ्ठी लावली, मार्करनं:
बंद दिसली तरी बंद करू नये.
खाली दोन सह्यांची जागा सोडली,
एक माझी केली.
उकाड्यानं गोंद सुटला रात्रीतून.
सकाळी बिसेननं ती परत चिकटवली,
थोडी तिरपी,
आणि कूलरमध्ये न सांगता पाणी भरून ठेवलं.